उजवीकडचा रकाना

माझा स्वभाव तापट आहे आणि अक्षर वाईट आहे, हे दोन्ही मला मान्य. पण भाषांतरात माझी चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी नोकरीतली छत्तीस वर्षं म्हणत आलो आणि लोकही ते मानत आले. ते अजूनही मानतात, याचाच आता मला त्रास होतो. झालं काय ते क्रमाने सांगतो.

मी मुकुंदराव. वय एकोणऐंशी. सरकारी माहिती खात्याच्या कात्रण विभागात उर्दू वर्तमानपत्रांचा अनुवादक होतो. वडील जुन्या निजामी कोर्टातले वकील. त्यांनी मला शाळेत घालायच्या आधीच अलिफ-बे शिकवलं होतं. आमच्या गौलीगुड्यातल्या मराठी घरांत ती लिपी वाचणारा आता मी एकटाच उरलोय. कुणाचं जुनं खरेदीखत निघालं, कुणाच्या पणजोबांचं पत्र सापडलं, की ते पिशवीत घालून माझ्याकडे येतात. मी चष्मा पुसतो, दोनदा खाकरतो आणि वाचून दाखवतो. मी वाचलं की विषय संपला, दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही. खरं म्हणजे विचारायला दुसरा कुणी नाहीच.

कात्रण विभागाचं काम असं होतं. रोज दहाच्या आत मंत्र्यांच्या टेबलावर फाइल जायची, आज कुठल्या पेपरात सरकारबद्दल काय छापून आलंय त्याची. माझ्या शेजारच्या टेबलावर हणमंतराव बसायचे. ते सकाळी सहाला यायचे, सगळे पेपर वाचायचे, कात्रीने बातमी कापायचे, फुलस्केप कागदावर खळीने चिकटवायचे आणि कोपऱ्यात पेपरचं नाव, तारीख घालून माझ्याकडे सरकवायचे. मी त्याखाली भाषांतर लिहायचो आणि शेवटी नुसतं ‘मु.’ असं लिहून मोकळा व्हायचो. नियम एकच होता, कात्रणात असेल तेवढंच लिहायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही, कुणाला फोन करून विचारायचं नाही. छत्तीस वर्षांत मी त्या ऑफिसात एकही अख्खा पेपर उघडून बघितला नाही. गरजच पडली नाही. हणमंतरावांचं कात्रण कधी अर्ध्यातून सुरू झालं नाही. बातमीचं शेपूट पाचव्या पानावर गेलं असेल तर ते पाचवं पान शोधून तेही खाली चिकटवायचे. फार कमी बोलणारा माणूस होता तो.

हणमंतराव आठ वर्षांपूर्वी गेले. गणपतीचे दिवस होते. छातीत दुखायला लागलं म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावली, ती त्यांना घेऊन जाताना आमच्या समाजाच्या मंडपापाशी अडकली. मांडवाचा एक खांब काढून वाट करेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या मंडपाचा सेक्रेटरी तेव्हा मीच होतो. हणमंतरावांच्या बायकोने किंवा मुलीने त्यावरून आम्हाला एक शब्द कधी ऐकवला नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

ती मुलगी म्हणजे त्रिवेणी. नामपल्लीच्या कोर्टात वकिली करते. यंदा महापालिकेच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डातून अपक्ष उभी राहिली. तिला निवडून यायचं होतं ते कशासाठी, तर गटाराचं पाणी, रस्त्यावरची अतिक्रमणं, बंद पडलेला दवाखाना, असल्या कामांसाठी. मोठ्या पक्षांकडे माणसं, गाड्या, सगळंच होतं. हिच्याकडे आम्ही होतो. आमच्या समाजाची नऊशे-साडेनऊशे मतं एकगठ्ठा पडली तर ती येऊ शकते, असा सगळ्यांचा हिशेब होता. तिच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून पहिली सही माझी आहे.

मतदानाच्या नऊ दिवस आधी, रविवारी सकाळी, मला प्रशांतचा फोन आला. प्रशांत आमच्या समाजाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलगा चांगला आहे, पण मराठीची चार वाक्यं वाचायला दिली की घाम फुटतो.

“काका, ग्रुपवर एक फोटो आलाय बघा,” तो म्हणाला. “त्रिवेणीताईचा फोटो आहे, खाली सगळं उर्दू आहे. लोगां सकाळपासून विचारायलेत काय लिहिलंय म्हणून. तुम्ही सांगा ना जरा.”

“लिहून पाठवतो.”

“नक्को काका, लिहिलं तर कोण वाचतंय. बोलूनच टाका. व्हॉइस नोट.”

मी फोटो उघडला. उर्दू पेपरचं कात्रण होतं. वर मथळा, ‘मंडप और रास्ते पर ॲडव्होकेट त्रिवेणी की खरी खरी’, शेजारी तिचा फोटो आणि खाली एक रकाना. रकान्यात तिचं आमच्याच वॉर्डातल्या पलीकडच्या मोहल्ल्यातलं भाषण होतं. मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. दहा दिवस रस्ता अडवून बसणारा गणपतीचा मंडप तिथून उठवला पाहिजे. एका गल्लीच्या सणासाठी सगळ्या वस्तीला वेठीला धरायचं काय कारण? मी निवडून आले तर पहिल्याच वर्षी परवानगी बंद करीन.

मला राग आला, आणि तो का आला तेही सांगतो. ती हे आमच्या तोंडावर म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. हणमंतराव कसे गेले ते मला माहीत होतं, तिला तेवढा हक्क होता. पण आमच्याकडून सह्या घ्यायच्या आणि दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन हे बोलायचं, हे मला लागलं. रकान्याची पहिली ओळ अर्ध्यातून सुरू होत होती. ते माझ्या लक्षात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही. पण कात्रणात असेल ते वाचायचं, ही सवय हाडात मुरलेली. शिवाय ग्रुपवर तीनशे माणसं थांबली होती, ‘काका, लवकर सांगा’ म्हणत होती. या वयात तीनशे माणसं आपल्यासाठी थांबली की बरं वाटतं.

बायको, भामा, आतल्या खोलीत पूजेची भांडी घासत होती. तिला म्हटलं, जरा आवाज करू नकोस. मग मी एकदाच, न अडखळता, ते वाचून दाखवलं. सुरुवातीला म्हटलं, “मी मुकुंदराव बोलतोय. कात्रणात जे छापलंय तेच सांगतोय, माझा एकही शब्द नाही.” अठ्ठावीस सेकंदांत काम झालं.

सोमवारी दुपारी माझा आवाज ग्रुपच्या बाहेर गेला. हिमायतनगरला साड्यांच्या दुकानावर एक खोली घेऊन रितेश नावाचा पोरगेलासा माणूस बातम्यांचं यूट्यूब चॅनल चालवतो. त्यावर माझा फोटो, त्रिवेणीचा फोटो, मागे ढोल-ताशा आणि मध्ये माझे अठ्ठावीस सेकंद. खाली लाल पट्टी फिरत होती, ‘अपने ही सूचक ने खोली पोल’. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी ते बघितलं होतं. आमच्या अख्ख्या वॉर्डात चाळीस हजार मतदार नाहीत.

त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावर कोथिंबीर घेत होतो. गल्लीत प्रचाराची रिक्षा शिरली, वर दोन भोंगे बांधलेले. भोंग्यातून मी बोलत होतो. गणपतीचा मंडप उठवला पाहिजे, असं मी भरचौकात ओरडून सांगत होतो. मग एक दुसरा आवाज यायचा, “सुनो भाई, ये इनके समाज के बुज़ुर्ग बोल रे, हम नईं बोल रे,” आणि परत मी. भाजीवाल्या अम्माने माझ्याकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं आणि कोथिंबिरीची एक काडी जास्तीची घातली. तिला मी मोठा माणूस झालोय असं वाटलं असावं. मी घरी आलो आणि खिडक्या लावून घेतल्या.

तासाभराने त्रिवेणी आली. कोर्टाचा काळा कोट हातावरच होता.

“काका, तो आवाज तुमचाच ना?”

“माझाच.”

“कुणी बनवलेला नाही? हल्ली कुणाचाही आवाज बनवतात. मी लोकांना तेच सांगणार होते. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं.”

आवाज बनवलेलाच आहे असं मी म्हणालो असतो तर ती कदाचित वाचली असती. ते मला नंतर सुचलं. तेव्हा उलट माझा पारा चढला.

“माझ्याच तोंडचं आहे. छापलंय तेच वाचलं.”

“अख्खं पान बघितलंत?”

“कात्रणात होतं तेवढं बघितलं.”

“मला एक फोन तरी करायचात काका.”

“तू बोललीस, त्यांनी छापलं, मी वाचलं,” मी म्हणालो. “मध्ये फोन कशाला पाहिजे?”

दारात उभ्या असलेल्या भामाकडे बघून ती कसंनुसं हसली. मग उठली आणि चपला घालता घालता म्हणाली, “गुरुवारचा अंक आहे. नामपल्लीत त्यांच्या ऑफिसात फाइल ठेवतात, कुणालाही बघू देतात. तुम्ही स्वतः जाऊन बघा. मी सांगून तुम्हाला पटायचं नाही, मला माहितीय.”

मंगळवारी सकाळी मी नामपल्लीला गेलो, आणि खोटं कशाला बोलू, तिला खोटं पाडायलाच गेलो. ऑफिसातल्या म्हाताऱ्या कारकुनाने अंकांचा गठ्ठा काढून दिला, वर पंखा लावला. गुरुवारचा अंक, पान तीन. बातमी एका रकान्याची नव्हतीच. दोन रकान्यांची होती. उर्दू उजवीकडून वाचतात, तेव्हा पहिला रकाना उजवीकडचा. तो कात्रणात नव्हता. कुणीतरी तो काढून टाकला होता आणि मथळा, फोटो उचलून डावीकडच्या रकान्यावर बसवला होता.

उजवीकडच्या रकान्यात असं होतं. त्रिवेणी त्या मोहल्ल्यात भाषणाला उभी राहिली आणि म्हणाली, परवा माझ्या ऑफिसात मतांचा ठेका घेणारी दोन माणसं आली होती. त्यांनी मला सांगितलं की तुमच्या लोकांची मतं तुमचीच आहेत, या मोहल्ल्याची पाहिजे असतील तर तिथे जाऊन काय बोलायचं ते आम्ही सांगतो. त्यांनी शिकवलेलं भाषण मी तुम्हाला जसंच्या तसं ऐकवते. इथे उजवीकडचा रकाना संपत होता आणि डावीकडचा सुरू होत होता. मंडप उठवला पाहिजे, परवानगी बंद करीन, सगळं तिथे होतं. त्याखाली ‘बाकी पान पाचवर’. पान पाचवर तिचं उत्तर होतं. मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. माझे वडील त्या मंडपापाशी गेले, तरी मी मंडप उठवा म्हणणार नाही. तुमचे जुलूसही त्याच रस्त्याने जातात. दोन्हीकडची माणसं एकत्र बसून ॲम्ब्युलन्सपुरती वाट मोकळी ठेवू, आणि हेच मी माझ्या गल्लीत जाऊनही सांगणार आहे. तुमचं मत एवढं स्वस्त आहे असं समजणाऱ्यांना ओळखा, एवढंच सांगायला आले होते.

मी ते तीनदा वाचलं. कारकुनाने पाणी आणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. मला लाज वाटली, इतकी की उठून बाहेर रस्त्यावर जायचं धैर्य होईना. हणमंतरावांनी असलं कात्रण माझ्यापुढे कधी ठेवलं नसतं. पण हणमंतराव नाहीत हा काही बचाव होत नाही. छत्तीस वर्षं मी त्यांच्या नजरेवर जगलो, ती माझीच नजर आहे असं समजून मान घेत राहिलो, आणि ती नजर नसताना पहिल्यांदा एकट्याने कात्रण वाचलं ते त्यांच्याच मुलीविरुद्ध. पान तीन आणि पान पाच, दोन्हींच्या पन्नास झेरॉक्स काढून घेतल्या.

कोर्ट तिथून जवळच. त्रिवेणी एका अशिलाशी बोलत उभी होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळ्या काळ्या कोटांच्या देखत हात जोडले. तिने ते पटकन खाली केले.

“मला सांगून काय उपयोग काका,” ती म्हणाली. “लोकांना सांगा. आठवडा आहे अजून.”

मी घरी येऊन दुसरी व्हॉइस नोट केली. उजवीकडचा रकाना, डावीकडचा रकाना, पान पाच, सगळं वाचलं. माझी चूक झाली असं स्पष्ट म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी फारसं वापरलेलं नाही. चार मिनिटं दहा सेकंद झाले. प्रशांतने ते लगेच ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी त्याला फोन केला.

“किती जणांनी ऐकलं?”

“काका, लंबी आहे ना,” तो अवघडून म्हणाला. “पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत लोगां सोडून द्यायलेत. आणि ज्यांनी ऐकली ते म्हणायलेत की... जाऊ द्या.”

“काय म्हणतायत?”

“की ताईने तुमच्याकडून बोलवून घेतली.”

बुधवारी मी हिमायतनगरला त्या रितेशच्या खोलीवर गेलो. जाताना ठरवलं होतं, त्याला चार शिव्या घालायच्या. पण तो पटकन उठून उभा राहिला, खुर्ची दिली, ‘अंकल’ म्हणत चहा मागवला. कात्रण कुणी दिलं ते त्याला आठवत नव्हतं. दिवसाला दोनशे फोटो येतात म्हणाला. खोटं बोलत असेल, पण मीही रविवारी कुठे विचारलं होतं.

त्याने माझी चार मिनिटं मन लावून ऐकली. मग म्हणाला, “अंकल, सच्ची बात है, मैं मानता. मगर चार मिनट कौन सुनता? आपका पहला वाला अट्ठाईस सेकंड का था, इसलिए चला. मैं काटके तीस सेकंड का बना देतूँ. ‘मेरे से ग़लती हुई’ से शुरू करते, म्यूज़िक डालते, फटाफट चलता.”

“काटायचं नाही,” मी म्हणालो.

“बिना काटे नईं चलता अंकल.”

“नाही चाललं तर नाही. एकदा कापलेलं वाचून मी हे करून बसलोय. परत कापू देणार नाही.”

तेव्हा मला वाटलं की मी ताठ कण्याने काहीतरी करतोय. रितेशने ते न कापता टाकलं, शब्दाचा पक्का निघाला. शनिवारपर्यंत एकशे सात लोकांनी बघितलं. त्यात मीच आठ-दहा वेळा असेन. आता वाटतं, त्याचं ऐकायला हवं होतं. माझ्या ताठ कण्याची किंमत त्रिवेणीने दिली.

मग राहिले पाय. गुरुवारपासून सोमवारपर्यंत मी झेरॉक्स घेऊन घरोघर हिंडलो. बासष्ट घरं झाली. गुडघे सुजले, भामा रोज संध्याकाळी तेल चोळायची आणि काही बोलायची नाही. प्रत्येक घरात मला आत बसवलं, पाणी दिलं. मी कागद पसरायचो, बोट ठेवून सांगायचो की हा उजवीकडचा रकाना, हा आधी वाचायचा. ते कागदाकडे बघायचे. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कळत होतो तो मी, आणि मी आता दोन गोष्टी सांगत होतो.

शोभा म्हणून आमच्या समाजातली बाई आहे, महिला मंडळाचं सगळं तीच बघते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, तुम्हाला कुणी परेशान करायलंय का? खरं सांगा. वकिलीण आहे ती, केस-बिस टाकते म्हणाली का? घाबरू नका, आम्ही सगळे आहोत तुमच्यामागे.”

“अगं, मला कुणी काही केलेलं नाही. मी चुकलो, एवढंच झालं.”

“तुम्ही कसे चुकाल?” शोभा म्हणाली. “आमच्या सासऱ्यांचं खरेदीखत तुम्ही वाचून दिलं, त्यावर आम्ही कोर्टात जिंकलो. तुम्ही चुकत नाही, काका.”

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरी काळजी होती. शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. या मायेपुढे काय करायचं ते मला कळेना. मी कागद गोळा केले आणि पुढच्या घरी गेलो. तिथेही जवळजवळ हेच झालं.

मंगळवारी मतदान झालं. भामा आणि मी शाळेत जाऊन बोटाला शाई लावून आलो. शुक्रवारी मोजणी. त्रिवेणी तीनशे अठ्ठ्याऐंशी मतांनी पडली. मोठ्या पक्षाचा माणूस गुलाल उधळत आमच्या गल्लीतून गेला, समाजाच्या मंडळींनी त्याला हार घातला. त्याने मंडपासाठी पक्कं शेड बांधून द्यायचं कबूल केलंय. ते रस्त्यावरच होणार आहे.

दुसऱ्या दिवशी प्रशांतने मला बूथवार आकडे आणून दिले. आमच्या गल्ल्यांच्या बूथवर सातशे बारा मतं पडली होती, त्यातली त्रिवेणीला एकशे एकतीस. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बूथवर तिला चारशेवर होती. म्हणजे ज्यांनी तिचं भाषण समोर उभं राहून ऐकलं त्यांनी तिला मत दिलं होतं. ज्यांनी माझ्याकडून ऐकलं त्यांनी दिलं नव्हतं. प्रशांत बराच वेळ बसून होता. जाताना म्हणाला, “काका, फोटो मीच टाकला ग्रुपवर. मी तरी विचारायला पाहिजे होतं.” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला दोष द्यायला मला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी त्रिवेणी पेढे घेऊन आली. पडल्याचे कुणी पेढे देतं का, मी म्हणालो. ती म्हणाली, “आईने दिलेत. तुम्ही बासष्ट घरं हिंडलात म्हणून. आई म्हणाली, बाबांच्या ऑफिसातलं कुणी एवढं चाललं नसतं.” मग ती भामाशी दोन गोष्टी बोलली, सोमवारी तारीख आहे म्हणाली आणि गेली. तिने मला एका शब्दाने दुखवलं नाही. गल्लीत तिच्याशी आता फार कुणी बोलत नाही. तिच्या आईला यंदा महिला मंडळाच्या भजनाला बोलावणार नाहीत, असंही कानावर आलंय.

ती गेल्यावर मी भामाला म्हणालो, “एकशे एकतीस. सातशेत एकशे एकतीस. त्यातली दोन आपली. म्हणजे बाकी एकशे एकोणतीसच माणसं मिळाली आपल्याला.”

भामा पेढ्यांचा पुडा सोडत होती. तिने तो परत गुंडाळला.

“दोन नाही,” ती म्हणाली. “एक.”

मला आधी कळलंच नाही.

“मी तिला नाही दिलं.”

आमच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने मला न सांगता साधी साडी घेतलेली नाही. मी म्हणालो, “भामा, मी तुझ्यासमोर सांगत होतो ना की माझी चूक झाली? तू रोज माझे गुडघे चोळत होतीस. मग कशाला चोळत होतीस?”

“तुम्ही चालत होता म्हणून.” ती शांतपणे म्हणाली. “हणमंतरावांची मुलगी, तुमची पहिली सही, तुम्हाला तिला सांभाळून घ्यावं लागलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठ्या माणसांना कधीकधी करावं लागतं. पण मत देताना मी जे खरं ते धरलं.”

“खरं काय ते तुला कसं कळलं?”

“अहो, दोन्ही वेळेला मी आतल्याच खोलीत होते,” भामा म्हणाली. “तुमचा आवाज मी ओळखत नाही का? पहिल्यांदा बोललात तेव्हा कसे सरळ, एका दमात बोललात. दुसऱ्यांदा तुमचा आवाज सारखा कापत होता. खरं बोलणाऱ्याचा आवाज असा कापतो का?”

ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्यावरचा विश्वास जसाच्या तसा होता. मी बोलायला तोंड उघडलं. पहिलाच शब्द कापत बाहेर आला आणि मी गप्प बसलो.